टाचेवरचा काळा डाग: त्वचेच्या कॅन्सरची शंका कधी घ्यावी आणि पुढे काय करावे?

प्रश्न: शिक्षिका, फोंडा

नमस्कार. माझे सासरे पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांचे उमेदीचे सगळे आयुष्य पेडणे तालुक्यात आगरवाड्याच्या मिठागरांत गेले. पावसाळा सरला की मिठागरे बांधायला घ्यायची आणि पुढचा पाऊस येईपर्यंत उघड्या अंगाने, अनवाणी पायांनी मीठ ओढायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. त्यांच्या उजव्या टाचेच्या कडेला एक काळा डाग आहे. तो कधी आला हे त्यांना सांगता येत नाही. मात्र गेल्या चतुर्थीला तो माझ्या नजरेस पडला तेव्हा मसुराएवढा होता आणि आता चिंचोक्याहून मोठा झाला आहे. त्याचा रंगही सगळीकडे सारखा नाही. एका कडेला गडद काळा, दुसरीकडे तपकिरी आणि मध्ये राखाडी छटा दिसते, आणि अलीकडे तो ओलसर राहू लागल्याने चपलेला डाग लागतो. दुखत मात्र अजिबात नाही, त्यामुळे ते स्वतः निश्चिंत आहेत.

सुरुवातीला आम्ही ते कुरूप समजून औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी लावली. शेजारच्या एका जाणत्या बाईंनी चुना आणि सोडा एकत्र करून लावायला सांगितले आहे, त्याने तीळ आणि चामखीळ जळून जाते असे त्यांचे म्हणणे आहे. उपकेंद्रातील परिचारिकेने मात्र काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा असे निक्षून सांगितले. घरात दोन मते आहेत. माझ्या थोरल्या दिरांच्या मते आपल्यासारख्या सावळ्या माणसांना त्वचेचा कॅन्सर होत नाही, तो समुद्रकिनाऱ्यावर पडून राहणाऱ्या गोऱ्या पर्यटकांचा रोग आहे. आणि यदाकदाचित असलाच, तर त्याला सुरी लागता कामा नये, कारण सुरी लागली की तो अंगभर पसरतो.

हा रोग कशामुळे होतो, तो कसा ओळखावा आणि त्यावर कोणते उपचार आहेत, हे जाणकारांनी समजावून सांगावे अशी विनंती आहे. दिरांना मी डॉक्टरांकडे चला असे नुसते म्हणून भागणार नाही. त्यांना कारण पटवून द्यावे लागेल.

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, मडगाव

ताई, प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. तरीसुद्धा वाढत जाणारा आकार, एकाच डागात तीन रंग आणि आता सुरू झालेला ओलसरपणा या तीन गोष्टी एकत्र वाचल्यावर, त्यांना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे असे मी आग्रहाने सांगेन. दुखत नाही ही निश्चिंत होण्याची खूण नव्हे, कारण त्वचेचे बहुतेक कॅन्सर सुरुवातीच्या काळात दुखतच नाहीत. चुना आणि सोडा कृपा करून लावू नका. त्याने वरची कातडी जळते, खालचे जे असेल ते तसेच राहते, आणि नंतर तुकडा तपासायला घेतला तर भाजलेल्या पेशींमध्ये निदान करणे अवघड होऊन बसते. बिब्बा घालणे, दोऱ्याने किंवा केसाने आवळून तीळ पाडणे, हे उपायही तितकेच घातक आहेत.

आता आपल्या दिरांच्या पहिल्या म्हणण्याविषयी. त्यात अर्धे सत्य आहे आणि त्या अर्ध्या सत्यामुळेच आपल्याकडे निदानाला उशीर होतो. त्वचेच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार तीन आहेत. बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील पेशींपासून होणारा बेसल सेल कार्सिनोमा, तिच्या वरच्या चपट्या पेशींपासून होणारा स्क्वेमस सेल कार्सिनोमा, आणि त्वचेला रंग देणाऱ्या मेलानोसाइट पेशींपासून होणारा मेलानोमा. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड करतात. शरीर तो बहुतांशी दुरुस्त करते, पण वर्षानुवर्षे बिघाड साठत गेला की एखादी पेशी ताब्याबाहेर जाते. सावळ्या त्वचेतील मेलानिन नावाचे रंगद्रव्य हे किरण बऱ्याच प्रमाणात अडवते, म्हणून उन्हामुळे होणारा कॅन्सर आपल्यात गोऱ्या लोकांच्या मानाने खूपच कमी आढळतो. भारतात मेलानोमाचे प्रमाण वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे, तर ऑस्ट्रेलियात ते तीसहून अधिक आहे. इथपर्यंत आपल्या दिरांचे म्हणणे बरोबर आहे.

परंतु मेलानोमाचा एक प्रकार असा आहे की ज्याचा उन्हाशी संबंध जवळजवळ नाही. तो तळपाय, तळहात आणि नखांखाली होतो, त्याला अॅक्रल मेलानोमा म्हणतात, आणि तो सर्व वर्णांच्या लोकांत होतो. बाकीचे प्रकार आपल्यात कमी असल्यामुळे भारतीय, आफ्रिकी आणि पूर्व आशियाई लोकांत आढळणाऱ्या मेलानोमात याच प्रकाराचा वाटा फार मोठा असतो. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये निदान झालेला रोग हाच होता. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली, आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फुटबॉलवेड्या गोव्यात हे उदाहरण मी रुग्णांना मुद्दाम सांगतो, कारण काळ्या पडलेल्या नखाकडे दुर्लक्ष करण्याची सवय आपल्या तरुण मुलांतही आहे.

नखाच्या बाबतीत पारख अशी करावी. मार लागून साकळलेले रक्त नख वाढेल तसे पुढे सरकते आणि त्याच्या मागे स्वच्छ नख दिसू लागते. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने. म्हणजे दोन-तीन महिन्यांत फरक दिसायलाच हवा. एकाच बोटाच्या नखात उभा काळा पट्टा आला, तो रुंद होत गेला, मुळाशी जास्त रुंद दिसू लागला किंवा काळा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर थांबू नये. अनेक बोटांच्या नखांवर असणाऱ्या बारीक, सारख्या रेषा मात्र सावळ्या लोकांत सर्रास असतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात.

तळपायाचे कुरूप आणि मेलानोमा यांची गल्लत तर नेहमीच होते, आणि ती केवळ घरीच होते असे नाही. कुरूप हे दाब पडणाऱ्या जागी येते, कडक असते, दाबल्यावर दुखते आणि वरचा थर खरवडला की खाली त्वचेचाच रंग दिसतो. जो डाग काळा आहे, पसरतो आहे किंवा ज्यातून पाणी अथवा रक्त येते, त्याला कुरूप म्हणून पट्ट्या लावत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहतात तेव्हा तळव्यावरच्या बारीक रेषांचे उंचवटे आणि त्यांमधल्या खोबणी स्पष्ट दिसतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खोबणींत उतरलेला असतो, तर मेलानोमाचा उंचवट्यांवर. ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि त्यात टोचणे किंवा कापणे नसते.

शरीराच्या इतर भागांवरील तिळांसाठी जगभर पाच गोष्टी पाहतात. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत का, कडा नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी आहे का, रंग एकापेक्षा जास्त आहेत का, आकार सहा मिलिमीटरहून मोठा आहे का, आणि तो बदलतो आहे का. या पाचांत शेवटच्या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. लहानपणापासून जसाच्या तसा असलेला मोठा तीळ मला काळजीत टाकत नाही. पन्नाशीनंतर नव्याने आलेला आणि वाढत जाणारा लहान तीळसुद्धा काळजीत टाकतो.

उत्तर: वाचक, वास्को

माझ्या आईच्या नाकाशेजारी एक काळा, चकाकणारा उंचवटा होता आणि आम्ही सगळे त्याला तीळच म्हणत होतो. त्यावर खपली धरायची, तोंड पुसताना ती पडायची, थोडे रक्त यायचे, पुन्हा खपली धरायची. असे बराच काळ चालल्यानंतर डॉक्टरांनी तुकडा तपासला तेव्हा बेसल सेल कार्सिनोमा निघाला. डॉक्टरांनी सांगितले की गोऱ्या लोकांत हा मोत्यासारखा गुलाबी दिसतो, आपल्यात मात्र पुष्कळदा काळा असतो, म्हणूनच तिळाशी गल्लत होते. हा प्रकार शरीरात इतरत्र जवळजवळ कधीच जात नाही; पण जागच्या जागी खोल उतरत जाऊन नाक, पापणी, डोळा यांचे मोठे नुकसान करू शकतो.

ताईंना एवढेच सांगायचे आहे की 'कॅन्सर' हा शब्द ऐकून आम्ही जितके घाबरलो होतो, त्या मानाने प्रत्यक्ष उपचार फार सोपा झाला. जागेपुरती भूल देऊन गाठ काढली, शेजारचीच कातडी सरकवून टाके घातले आणि आई संध्याकाळी घरी आली. अहवालात सर्व कडा मोकळ्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशी नसलेल्या, असल्याचे लिहून आले, त्यानंतर केवळ ठरावीक काळाने तपासणीला जावे लागते. त्वचेचा प्रत्येक कॅन्सर एकसारखा नसतो, हे आम्हाला त्यावेळी कोणी सांगितले असते तर आधीच्या त्या झोप नसलेल्या रात्री टळल्या असत्या.

उत्तर: निवृत्त शल्यविशारद, म्हापसा

थोरल्या दिरांच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण माझ्या सगळ्या नोकरीत मला याच समजुतीशी सर्वांत जास्त झगडावे लागले. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, असे लोकांना वाटते त्याचे कारण त्यांनी जे पाहिले त्यात आहे. माणूस उशिरा येतो, तोपर्यंत रोग जांघेत किंवा काखेत पोहोचलेला असतो, शस्त्रक्रिया होते आणि पुढे काही महिन्यांत तो दगावतो. घरच्यांना आधीचे दिसत नाही, सुरी तेवढी दिसते. प्रत्यक्षात त्वचेच्या संशयित डागाचा तुकडा तपासायला घेतल्याने रोग पसरतो याला आधार नाही, आणि तो तुकडा तपासल्याशिवाय उपचाराची दिशाच ठरत नाही. मेलानोमाची शंका असेल तेव्हा शक्यतो संपूर्ण डाग कडेच्या एक-दोन मिलिमीटर निरोगी कातडीसह काढतात. तो खूप मोठा असेल किंवा टाचेसारख्या अवघड जागी असेल, तर त्यातला सर्वांत गडद किंवा जाड भाग घेतात.

पॅथॉलॉजीच्या अहवालात आपण एक आकडा आवर्जून पाहावा, तो म्हणजे ब्रेस्लो जाडी. मेलानोमा त्वचेत किती खोल उतरला आहे ते मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते आणि पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यावर अवलंबून असतात. एक मिलिमीटरपर्यंतच्या मेलानोमाभोवतीची एक सेंटिमीटर कातडी काढतात, दोन मिलिमीटरहून जाड असेल तर दोन सेंटिमीटर. जाडी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असली, तर जांघेतली पहिली लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) शोधून तपासण्याचा सल्ला देतात. त्यासाठी डागाच्या जागी रंगद्रव्य आणि अत्यल्प किरणोत्सारी द्रव टोचतात, ते ज्या ग्रंथीत आधी पोहोचते तीच काढून पाहतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येते हे आपण सगळे जाणतो. मेलानोमाच्या पेशीही बहुधा त्याच वाटेने जातात.

टाचेवर शरीराचा भार पडतो, म्हणून तिथली मोठी जखम नुसत्या पातळ कातडीने झाकून बऱ्याचदा भागत नाही. तळव्याच्या मधल्या, जमिनीला न टेकणाऱ्या भागातली जाड कातडी तिच्या रक्तवाहिनीसह वळवून टाचेवर बसवता येते. त्यानंतर काही आठवडे त्या पायावर भार देता येत नाही, याची तयारी घरात आधीच करून ठेवावी. संडास-बाथरूमला जाण्याची सोय, आधाराची काठी किंवा वॉकर, आणि मधुमेह असेल तर साखरेवर नियंत्रण.

रोग लसिकाग्रंथींपर्यंत किंवा त्यापुढे गेला असेल तर काय, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. पूर्वी अशा वेळी आमच्या हातात फारसे काही नव्हते, कारण नेहमीच्या केमोथेरपीचा मेलानोमावर फार कमी परिणाम होतो. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब ही औषधे अमेरिकेत मान्य झाली आणि चित्र बदलले. कॅन्सरच्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जो लगाम घालतात तो ही औषधे सोडवतात. या तत्त्वाच्या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा गट गोळ्यांचा. गाठीच्या पेशींत बीआरएएफ नावाच्या जनुकात विशिष्ट बदल सापडला तर त्या गोळ्या लागू पडतात. गोऱ्या लोकांच्या मेलानोमात हा बदल निम्म्याच्या आसपास सापडतो, तळपायाच्या मेलानोमात मात्र बराच कमी, म्हणून जनुकीय तपासणी केल्याशिवाय त्या गोळ्यांची आशा धरू नये. तळपायाच्या मेलानोमावर प्रतिकारशक्तीची औषधेही उन्हामुळे झालेल्या मेलानोमाइतकी प्रभावी ठरत नाहीत. त्यांचा खर्च मोठा आहे आणि आतड्यांपासून थायरॉइडपर्यंत दुष्परिणामही होऊ शकतात. म्हणूनच जाडी कमी असताना डाग काढणे याला पर्याय नाही.

आता स्क्वेमस सेल कार्सिनोमाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या प्रदेशात त्याची कारणे वेगळी असतात आणि ती उन्हाच्या चर्चेत झाकली जातात. भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षे न भरलेली पायाची जखम, फुगलेल्या शिरांमुळे झालेला घोट्याजवळचा व्रण, कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसाच्या बधिर तळव्यावरची जखम, अशा जागी हा कॅन्सर उद्भवतो. भाजल्यापासून कॅन्सर होईपर्यंत सरासरी तीसएक वर्षे जातात, त्यामुळे लहानपणी चुलीवर भाजल्याची खूण म्हातारपणी फुटली तर कोणालाही तिचा संबंध लागत नाही. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी धरायच्या कांगडीमुळे (निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीमुळे) पोटावर आणि मांड्यांवर हा कॅन्सर होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४० च्या दशकात धोतर घट्ट कसून नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली, आणि परकराच्या नाडीच्या काचामुळे साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेवरही तो झाल्याच्या नोंदी आहेत. हे क्वचितच घडते, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण नाडीच्या जागी कातडी काळी पडून सतत सोलवटत असेल, तर नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा आणि जखम महिन्याभरात भरली नाही तर दाखवावी.

या प्रकाराच्या गाठी काढताना सहसा चार ते सहा मिलिमीटर किंवा गरजेप्रमाणे अधिक निरोगी कातडी घेतात. चेहऱ्यावर इतकी कातडी काढणे परवडत नसेल, तर थरामागून थर काढून प्रत्येक थर लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची मोह्स शस्त्रक्रिया असते, मात्र ती मोजक्याच केंद्रांत होते. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा वृद्धांना रेडिओथेरपी देता येते. अगदी वरवरच्या रोगावर फ्लुरोयुरॅसिल किंवा इमिक्विमोड मलम, किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे, हेही चालते. हे मलम डॉक्टरांनी निदान केल्यानंतरच वापरायचे आहे. औषधाच्या दुकानातून स्वतः आणून तिळावर लावायचे नाही. ओठ, कान आणि जुन्या व्रणांवरचा स्क्वेमस कॅन्सर लसिकाग्रंथींकडे जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून तिथे मानेतील किंवा जांघेतील गाठी चाचपून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

उत्तर: शारीरिक शिक्षण शिक्षक, काणकोण

वरील दोन्ही डॉक्टरांचे लेखन वाचून एक शंका मनात येते. तळपायाच्या कॅन्सरचा उन्हाशी संबंध नाही आणि मेलानिन आपले रक्षण करते, असे वाचल्यावर आमच्या रापणकारांनी (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनी), मिठागरातल्या कामगारांनी आणि भर दुपारी मैदानावर असणाऱ्या मुलांनी उन्हाची काळजी घेणे सोडून द्यावे, असा अर्थ कोणी घेणार नाही ना? सनस्क्रीन हे शहरी चोचले आहेत असे आमच्या गावात आधीच म्हणतात.

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, मडगाव

सर, शंका योग्य आहे आणि माझ्या आधीच्या लिखाणात ही बाजू राहून गेली. मेलानिन संरक्षण कमी-अधिक देते, पूर्ण देत नाही. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मार्चपासून मेअखेरपर्यंत दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या घरात किंवा त्याहून वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीत ११ म्हणजे सर्वांत वरची पातळी आहे. आपल्याकडे सूर्य माथ्यावर बारा वाजता येत नाही, साडेबाराच्या सुमारास येतो. म्हणून सकाळी दहा-साडेदहापासून दुपारी तीनपर्यंतचे ऊन सर्वांत कडक धरावे. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे किनाऱ्यावर टोपी घालूनही खालून किरण लागतात. पातळ ढगांतून ते आरपार येतात आणि वारा गार असला तरी त्यांची तीव्रता कमी होत नाही.

उन्हात आयुष्य काढलेल्यांच्या खालच्या ओठावर, कानांच्या पाळ्यांवर आणि टक्कल पडलेल्या डोक्यावर खरखरीत, पांढरट, पुन्हा पुन्हा खपली धरणारे चट्टे आले तर ते दाखवून घ्यावेत. सासऱ्यांच्या तळपायाबरोबर हे भागही डॉक्टर पाहतीलच. कामगारांसाठी माझी पहिली शिफारस कपड्यांची आहे. रुंद काठाची टोपी किंवा कान झाकणारे मुंडासे, पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा, आणि शक्य तिथे मधल्या वेळेत सावलीतली कामे. घामाने आणि खाऱ्या पाण्याने धुऊन जाणारे सनस्क्रीन दर दोन तासांनी लावणे रापण ओढणाऱ्याला परवडणारे नाही, हे मला मान्य आहे. मुलांनी मैदानावर जाताना किमान ३० एसपीएफचे, अतिनील ए किरणांपासूनही संरक्षण देणारे सनस्क्रीन जरूर लावावे.

काही लोकांना मात्र उन्हापासून काटेकोर जपावेच लागते. जन्मतः मेलानिन नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या मुलांना आपल्याकडे शाळेत उन्हात कवायतीला उभे केले जाते. सर, आपल्या शाळेत असे मूल असेल तर त्याला सावलीत उभे करण्याचा अधिकार आपल्या हातात आहे, तो कृपया वापरा. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले रुग्ण प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांना स्क्वेमस कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्या मुलांत डीएनएची दुरुस्तीच होत नाही, त्यांना लहान वयातच कॅन्सर होतात.

मूळ प्रश्नकर्ती: शिक्षिका, फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही उत्तरे मी दिरांना वाचून दाखवली आणि जांघेतल्या अवधाणाचा दाखला त्यांना पटला. सासऱ्यांना त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून झाले, त्यांनी भिंगातून पाहून तुकडा तपासणे आवश्यक असल्याचे सांगितले आणि पुढच्या आठवड्यात ते बांबोळीला गोमेकॉमध्ये (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) करायचे ठरले आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्या यजमानांना आणि मुलांना याचा धोका आहे का? आणि बांबोळीला जाताना काय तयारी करून जावे?

उत्तर: निवृत्त शल्यविशारद, म्हापसा

मेलानोमाचे थोडेच रुग्ण असे असतात की ज्यांच्या घराण्यात तो चालत आलेला असतो, आणि तळपायाच्या प्रकारात तर हा संबंध आणखी क्षीण आहे. तरीही यजमानांनी आणि दिरांनी एकदा तळवे, नखे आणि पाठ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावी. मुलांना आत्ता कसल्याही तपासणीची गरज नाही. अहवाल कॅन्सरचा नाही असे आले तर प्रश्नच मिटला. तो मेलानोमाचा आला, तर ब्रेस्लो जाडी आणि डागावर व्रण आहे की नाही, हे दोन शब्दशः इथे लिहा; पुढचे प्रश्न काय विचारायचे ते आपण मिळून ठरवू.

उत्तर: परिचारिका, बांबोळी

ताई, बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर या, जेवून-खाऊन या, कारण जागेपुरती भूल द्यायची असेल तर उपाशी राहण्याची गरज नसते. आजोबा रक्त पातळ होण्याची गोळी घेत असतील तर ती स्वतःहून बंद करू नका, पण नाव लिहिलेले पाकीट बरोबर आणा आणि डॉक्टरांना आधीच सांगा. मधुमेह, रक्तदाब यांच्या वह्या आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी असेल तर तीही सांगा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आणि आधार कार्ड यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स दोन्ही ठेवा. पुढे शस्त्रक्रिया ठरली तर ती योजनेत कशी बसते हे भरती होण्याआधी विचारून घ्या. आजोबांबरोबर एक धडधाकट माणूस असू द्या, कारण टाचेला टाका पडल्यावर त्यांना बसपर्यंत चालवत नेता येणार नाही.

टाक्याची जागा कोरडी ठेवायची असते. तळपायाचे टाके चेहऱ्याच्या मानाने उशिरा काढतात, तेव्हा सांगितलेल्या तारखेआधी घाई करू नका. जखमेतून पू आला, ताप आला किंवा पाय सुजला तर मात्र तारखेची वाट पाहू नका.

आणखी एक, जे कोणी सहसा सांगत नाही. तुकडा तपासल्यावर प्रयोगशाळेत मेणात बसवलेला एक ठोकळा आणि काचेच्या पट्ट्या जपून ठेवलेल्या असतात, त्यांना ब्लॉक आणि स्लाइड म्हणतात. पुढे मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला दुसरे मत घ्यायचे ठरले किंवा जनुकीय तपासणी करायची झाली, तर अहवालाच्या कागदाबरोबर तेच मागतात. अर्ज करून ते मिळतात. ते उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवू नका, मेण वितळते.